कार्ड तार सोडत नाही

महागावच्या त्या इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीच्या दुकानावर पाटी अजून धम्मदीपच्याच नावाची होती, पण गिऱ्हाईक पायरी चढलं की पहिला सवाल ठरलेला, "ताई कुठाय?" ताई म्हणजे त्याची बायको, रुपाली. आता तिच्या हातात सोल्डर गन पहिल्यांदा दिली कोणी? यानेच! चिप कशी धरायची, तार कशी ओळखायची, सगळं यानेच शिकवलं. आणि लोक याला विचारणार, ताई जेवायला गेल्या काय! जळायचा तो, चांगला जळायचा, आणि वरून गोड हसून गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायचा.

भावसिंगचं कामही तिच्याकडेच आलं. भावसिंग कापूस विकत घेऊन साठवायचा. कापसाच्या गंजीत आतल्या आत ऊब धरली तर ती पेटण्याआधी कळावं म्हणून त्याला यंत्र हवं होतं. कापसात खुपसायच्या तीन सेन्सरच्या सळया, आणि त्यांचं तापमान नोंदवून ठेवणारं मेमरी कार्ड. "ताई, तुमच्यावरच भरोसा हाय," असं तो म्हणाला, तेही धम्मदीपच्या देखत.

आज संध्याकाळी तो यंत्र न्यायला येणार होता, आणि यंत्राने तर डोकं उठवलं होतं. कार्डाचा बोर्ड काढला की तिन्ही सळया बरोबर तापमान दाखवत. बोर्ड लावला की तिन्ही शून्य. रुपालीने तारा बदलल्या, प्रोग्राम बदलला, सळयासुद्धा बदलून पाहिल्या. शून्य ते शून्यच.

धम्मदीपला कारण सकाळीच कळलं होतं. तीन सेन्सर आणि कार्ड, चौघांची उत्तर द्यायची तार एकच. हाक मारायची तार मात्र प्रत्येकाची वेगळी. ज्याला हाक येईल त्याने बोलायचं, बाकीच्यांनी तार सोडून गप्प बसायचं. पण या स्वस्तातल्या कार्डाच्या बोर्डवर एक बारकी चिप असते, ती कार्डाला हाक नसली तरी तार धरून बसते. याच भानगडीत तो मागे एकदा पार रडकुंडीला आला होता. सांगितलं असतं तर चुटकीसरशी काम झालं असतं. नाही सांगितलं. विचारू दे की! एकदा तरी म्हणू दे, मला जमत नाही म्हणून. कोणाचा तरी मिक्सर खोलून तो बसून राहिला, आणि मनात नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

शेवटी रुपालीने पुसदच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "हॅलो, जीवनभाऊ? पुसदले आहा का? एक इचारायचं होतं..."

धम्मदीपच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्याले कायले इचारून राह्यली? मी काय मेलो?"

"सकाळपासून तोंड फुगवून बसले तुमी. इचारू कशी?"

"ठेव तो फोन! कार्डाच्या बोर्डवर ती बारकी चिप दिसते ना? तिचा एक पाय उचल अन् कार्डाच्या हाकेच्या तारेले जोड. मंग हाक नसली का सोडते ते तार. सरक, मीच करतो."

केलं त्याने. तिन्ही सळया बोलल्या, कार्डावर नोंदही झाली. रुपाली त्याच्याकडे बघत राहिली.

"सकाळीच माहीत होतं ना तुमाले?"

धम्मदीपने मिक्सरमध्ये डोकं घातलं.

तेवढ्यात भावसिंग आला. "ताई, झालं काय?"

"झालं, भाऊ. पण मी नाही, ह्याईनं केलं. मले तर जमतच नव्हतं."

मले जमत नव्हतं! धम्मदीपची छाती अशी फुगली की शर्टाची बटणं ताणली. भावसिंगने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि खूश होऊन मान डोलावली.

"वा, ताई! मालकालेबी शिकवलं म्हना तुमी!"