मेंढरांची हाळी

२०१६ सालचा डिसेंबर होता. सोलापूरच्या मैदानाबाहेर धुळाप्पानं लेकीच्या हातातली पिशवी हिसकावली. बुटांचे खिळे कापडातून त्याच्या बोटांना टोचले.

"आज निवड झाली तर जा शिबिराला, माझी ना न्हाय. न्हाय झाली, तर गपगुमान जोतिरामाच्या गळ्यात माळ घालायची. अक्काला तिच्या पोरासाठी शबुद दिलाय मी."

"शबुद तुमी दिलाय, आबा. मी न्हाय."

"लई बोलाय लागली की!"

"तुमचीच लेक हाय." सुकन्यानं पिशवी परत ओढून घेतली. मागं उभी असलेली आई, चिमाबाई, पदराआड हसली. धुळाप्पानं वळून पाहिलं तसं ते हसू तिथंच मेलं.

मागल्याच साली सुकन्यानं शंभर मीटरचा जुना राज्यविक्रम मोडला होता. गावानं हलग्या वाजवून मिरवणूक काढली. फलकावर फेटेवाला धुळाप्पा मधोमध आणि सुकन्या कडेला. पण पोरगी परगावी राहणार म्हटल्यावर त्याच गावात कुजबुज सुरू झाली, आणि धुळाप्पाला लेकीच्या पायांचाच राग येऊ लागला.

ते पाय घडवले होते त्यानंच. मेंढरं कुणाच्या ज्वारीत घुसली की तो बाभळीखालून उठायचा नाही. जीभ टाळूला लावून ‘टर्रर्र हॅ’ अशी हाळी द्यायचा, आणि सुकन्या सुटायची. उशीर झाला तर पाठीत काठी.

मुली रेषेवर ओणवल्या. "सेट!" मैदान गप्प झालं. आणि पिस्तूल वाजायच्या आधी कुंपणापलीकडून तीच हाळी आली.

सुकन्या सुटली. थोडं पुढं गेल्यावर तिला कळलं, आपण एकटीच पळतोय.

पंच अनिलकुमार तांबडं कार्ड घेऊन पुढं आले. आधी पळालं की बाद. दुसरी संधी नाही.

"सर, कुणीतरी हाळी दिली!"

"कुणी?"

"नाव घे, सुकन्या," तिच्या प्रशिक्षक प्रभाबाई ओरडल्या. "नाव घेतलंस तरच काही होईल."

सुकन्यानं कुंपणाकडं बोट केलं. "माझ्या बापानं."

"म्या?" धुळाप्पानं हात झटकले. "मी खोकलो, सायेब."

"मेंढरू हाय व्हय ही, हाळीवर पळायला?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"व्हय," सुकन्या त्या हशाकडं तोंड करून म्हणाली. "त्याच हाळीवर वाढलेय."

"अगं, आवाजानं दचकायचं तर बाकीच्याही हलल्या असत्या," अनिलकुमार वैतागले. "एकही हलली नाही."

"त्यास्नी ती ठावी न्हाय की, सर!"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. शर्यत तिच्याशिवाय झाली.

"झालं? चल आता," धुळाप्पा फाटकापाशी म्हणाला.

उभ्या संसारात नवऱ्यापुढं आवाज न चढवलेली चिमाबाई मधे आली. "पोटच्या पोरीला मेंढरागत हाकललंस, मुडद्या!" म्हणाली, आणि लेकीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मायलेकी त्याच्यासोबत गेल्या नाहीत.

प्रभाबाईंनी दोघींना शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरी ठेवून घेतलं. सुकन्या पुढं आणखी काही शर्यती पळाली, पण पिस्तूल वाजलं तरी ते खरंच वाजलं का, याची खात्री करत राहायची. सगळ्या सुटल्यावर सुटायची. शेवटी तिनं बूट कुणाला तरी देऊन टाकले. प्रभाबाई आता नाहीत. अनिलकुमार निवृत्त झाले. जोतिरामाचं दुसऱ्या मुलीशी लग्न झालं आणि तो सुखात आहे. सुकन्याशी लग्न करायचंय का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सुकन्याचा विक्रम पुढं प्रियदर्शनी नावाच्या पोरीनं मोडला. त्या दिवशी सुकन्या चिंचोळीच्या कारखान्यात टॉवेल तपासत होती. ती अजून तिथंच आहे, आणि आईसोबत भवानी पेठेत राहते.

धुळाप्पानं मेंढरं विकली. बाजाराच्या दिवशी तो कधीमधी त्यांच्या दाराशी येतो. चिमाबाई पाण्याचा तांब्या बाहेर नेऊन देते. पाणी पिता पिता तो आत बघतो. सुकन्या भाकरी थापत असते. ती वळत नाही. तांब्या रिकामा झाला की चिमाबाई तो घेते आणि दार लावते.