यादीतला काळू

मुरबाडच्या त्या कॉम्प्युटर केंद्रात गेले पंधरा दिवस इंटरनेट रडतखडत चालत होतं. वंदना मॅडम तिथल्या लॅबच्या सर्वेसर्वा. रोज सापगावहून शहापूर आणि तिथून एसटीने मुरबाड. आज दुपारी दोनला बारा जणांची ऑनलाइन परीक्षा होती आणि केंद्राचे मालक हर्षित सर सकाळीच वरच्या मजल्यावरच्या घरातून तणतणत खाली उतरले.

"कुणीतरी आपलं नेट चोरतंय. परीक्षेआधी मला नाव पाहिजे. जो असेल तो आजच घरी."

नाव काढायला वंदनाने एनमॅप घ्यायचं ठरवलं. नेटवर्कवर कोणकोण येऊन बसलंय त्याची यादीच हे सॉफ्टवेअर काढून देतं. आधी तिने ते विंडोजवर टाकलं. घाईघाईत नेक्स्ट, नेक्स्ट करताना सोबत लागणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या जोडप्रोग्रामपुढची खूण काढून टाकली आणि यादी आली ती अर्धवट. म्हणून ती कोपऱ्यातल्या, विंडोजऐवजी उबुंटू घातलेल्या मशीनकडे वळली. तिथे सगळा कारभार एका ओळीचा. ओळ टाइप केली, पासवर्ड दिला, दोन मिनिटांत यादी हजर. एकोणीस यंत्रं, त्यातली अठरा ओळखीची. एकोणिसाव्यापुढे इंग्रजी अक्षरांत चक्क 'काळू' लिहिलेलं.

वंदनाने ते नाव पुन्हा वाचलं. काळूमामा! अकरा वर्षं केंद्राची किल्ली सांभाळणारा, एसटी चुकली तर तिच्यासाठी चहा झाकून ठेवणारा शिपाई. राऊटर होता तोही नेमका त्याच्याच स्टुलाच्या वर.

तिचा विश्वास बसेना. सरांच्या केबिनमधल्या मॅकवर तिने पुन्हा एनमॅप चढवायला घेतलं. मॅक तर भलताच सोवळा. बनवणाऱ्याला मी ओळखत नाही म्हणून अडून बसला. सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिली तेव्हा कुठे नमला. यादी उमटली, तीच. आणि या वेळी सर पाठीमागेच उभे होते.

"काळू?" सर ओरडलेच. "अरे काळू, इकडे ये!"

काळूमामा हात पुसत आला. काय झालं ते ऐकून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मी नाय ओ सर. माझा फोन ह्यो बघा, बटनाचा." रबर लावलेला फोन त्याने टेबलावर ठेवला.

"मग गाववाल्या कुणाला पासवर्ड दिला असशील. यंत्र खोटं बोलत नाही. विचार मॅडमना."

काळूमामाने वंदनाकडे पाहिलं. तिने नजर चुकवली.

"यादीत नाव आहे, मामा," ती म्हणाली.

सरांनी लिहून दिलेल्या राजीनाम्यावर काळूमामाने वाकडीतिकडी सही केली आणि पिशवी आणायला मागे गेला.

वंदना लॅबमध्ये परतली. घुसलेलं यंत्र बंद तर करायला हवं, म्हणून ते कुठल्या जातीचं आहे ते तिने एनमॅपलाच विचारलं. उत्तर आलं, जुनं विंडोज. म्हणजे फोन नाही, लॅपटॉप. आणि तेव्हा कुठे वंदनाला ते नाव आठवलं.

काही वर्षांपूर्वी कुणीतरी चार जुने लॅपटॉप केंद्राला दान दिले होते. एक, दोन असे आकडे कुणाच्या लक्षात राहणार, म्हणून त्यांना इथल्या नद्यांची नावं दिली होती. उल्हास, भातसा, शाई आणि काळू. नावं तिनेच दिली होती! चौघांतला शेवटचा 'काळू' गेल्या वर्षी भंगारात निघाला, त्या कागदावरही तिचीच सही होती.

ती धावतच मागे गेली. "मामा, तो भंगारातला लॅपटॉप कुठे टाकलात हो?"

"टाकला कुठं? सर बोलले, वर घरी नेऊन ठेव. मीच नेला की. सरांचे मेव्हणे आलेत ना, प्रणयशेठ, पंधरा दिस झाले. दिसरात त्याच्यावर पिक्चर उतरवीत बसतात."

वंदनाला आपलीच शिसारी आली. ती तशीच केबिनमध्ये शिरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सर जिना चढून गेले. पाच मिनिटांनी तिने यादी पुन्हा काढली, तर यंत्रं अठराच. टेबलावरचा राजीनामा तिने फाडून टोपलीत टाकला. सर खाली आले, टोपलीकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. काळूमामाला त्यांनी परीक्षेसाठी खुर्च्या लावायला सांगितलं.

परीक्षा सुरळीत पार पडली. पाचच्या सुमाराला काळूमामाने नेहमीसारखा तिच्यापुढे चहा ठेवला. तिला मान वर करवेना.

"मॅडम, त्या मशिनीला माझा नाव कुणी दिला ओ?"

"मीच, मामा. तुमचं नाही, नदीचं."

"आपल्या काळू नदीचा?" तो जरासा हसला. "माझा पन तिचाच हाय. आमचा घर तिच्याच काठाला."

मग त्याने सरांच्या टेबलावरचा रिकामा कप उचलला आणि जाता जाता दारात थांबला.

"पन मॅडम, नाव तुमीच दिलेला ना? मंग सकाळी तुमाला नदी कशी नाय आठवली? मीच कसा आठवलो?"