कलम दोनशे चौदा

ते विधेयक सरकारी छापखान्यात हातगाडीवरून आलं. एकूण तीनशे चाळीस कलमं. पुलांची रुंदी, मधमाश्यांचे हक्क, दंतवैद्यांची निवृत्ती, बंदरातले दिवे, दवाखान्यातल्या बाकांची उंची, बेवारस विहिरींचं पालकत्व, सगळं एकाच गठ्ठ्यात बांधलेलं. तीनशे चाळीस कायदे करायचे आणि तीनशे चाळीस वेळा भांडायचं, त्यापेक्षा काय ते एकदाच भांडून मोकळे होऊ, असा सरकारनं विचार केला होता.

छापखान्यातल्या तपासनिसाला त्याचं काही वाटलं नाही. छापलेला मजकूर मूळ कागदाबरहुकूम आहे की नाही, एवढंच तो एकतीस वर्षं बघत आला होता. मजकूर शहाणपणाचा आहे का, हे बघायला वेगळी माणसं होती, निदान असावीत असा त्याचा समज होता. त्याची बायको जाऊन चार महिने झाले होते. मुलगी सारखी म्हणायची, बाबा, थोडे दिवस माझ्याकडे येऊन राहा. तो म्हणायचा, कुंडीला पाणी कोण घालेल? घरात कुंडी एकच होती आणि तिला रोज पाणी लागत नव्हतं, हे मुलीलाही ठाऊक होतं.

तपासणी दोघांनी करायची असते. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्या ओळीवर बोट ठेवून ऐकायचं. वाचायचं काम छापखान्यातल्या ताईंचं. ताई तपासनिसापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या होत्या आणि स्वल्पविरामसुद्धा सोडत नसत. एखादं कलम गाळलं तरी त्याचा आकडा गाळायचा नाही, असा छापखान्याचा रिवाज होता. नाहीतर पुढचे सगळे आकडे सरकतात आणि दंतवैद्यांची पेन्शन मधमाश्यांना लागू होते. तेव्हा रिकाम्या कलमाचा नुसता आकडा वाचायचा आणि दोघांनी एक श्वासभर गप्प बसायचं. तेवढ्यात बोट ठेवणाऱ्यानं बघून घ्यायचं, की तिथं खरंच काही नाही.

दोनशे चौदावं कलम असंच रिकामं होतं. आधी ते छत्र्यांबद्दल होतं म्हणे, पण छत्री कपड्यात मोडते की अवजारात, यावर दोन खात्यांचं घोडं पेंड खात राहिलं आणि कागद परत गेला.

छपाईला देण्याआधी मूळ कागद क्रमानं लावताना ओळ चुकू नये म्हणून तपासनीस ओळीखाली कागदाची एक घडी धरायचा. ती घडी म्हणजे बायकोनं शेवटी लिहून ठेवलेला कागद. दवाखान्यात आठ दिवसांसाठी म्हणून जाताना तिनं त्याच्यासाठी सूचना लिहिल्या होत्या, कारण तोंडी सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं तिचं मत होतं. आठाचे बारा दिवस झाले आणि ती परत आली नाही. तो कागद मात्र त्याच्या चष्म्याच्या घरात रोज कामावर येत होता.

जेवणाची घंटा झाली तेव्हा घडी त्यानं गठ्ठ्यातच ठेवली, दोनशे तेरा आणि दोनशे पंधराच्या मध्ये. परत येऊन बघतो तर गठ्ठा अक्षरांचे खिळे लावणाऱ्या जुळाऱ्याकडे गेलेला. घडी कुठं गेली ते त्याला कळेना. दोन दिवस त्यानं खिसे उलटे केले, टेबलाखाली वाकून पाहिलं, केराची टोपली उपसली.

तिसऱ्या दिवशी ती त्याला कानांनी सापडली.

"दोनशे चौदा," ताई वाचू लागल्या. "एक. दूध तापवताना तिथंच उभं राहावं, स्वल्पविराम, खिडकीत जाऊ नये, पूर्णविराम. दोन. मागच्या दाराची कडी वर उचलून मग लावावी, पूर्णविराम. तीन. कुंडीला रोज पाणी घालू नये, पूर्णविराम. चार. मोजे जोडीनंच धुवायला टाकावेत, पूर्णविराम. पाच. मी येईपर्यंत उशांची जागा बदलू नये, पूर्णविराम."

तपासनिसाचं बोट ओळीवरून सरकत गेलं. एक काना इकडचा तिकडे नव्हता. त्यानं समासात बरोबरची खूण केली. एकतीस वर्षांची सवय. चूक नसली की हात आपोआप खूण करतो. तो भानावर आला तेव्हा ताई मच्छीमारांच्या जाळ्यांवर पोचल्या होत्या. संध्याकाळपर्यंत मूळ कागदांवर लाखेची मोहोर बसली. जुळाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, कागद होता म्हणून जुळवला, मी कागद जुळवतो, अक्कल जुळवत नाही.

अधीक्षकांनी नियमाचं पुस्तक काढलं. विधेयक मंजूर झालं तर मूळ कागद अभिलेखागारात कायमचे बंद होतील. नामंजूर झालं तर त्यांचा लगदा करतील. एखादं कलम मांडणाऱ्यानं मागे घेतलं, तरच त्याचा कागद परत मिळेल.

"मांडणारा म्हणजे कोण, साहेब?"

"ज्याच्या हातचं लिहिलेलं असेल तो."

"बायकोच्या हातचं आहे."

"मग वहिनींना अर्ज करायला सांगा," साहेब म्हणाले. मग त्यांना आठवलं आणि त्यांनी पुस्तकाची दोन पानं उगाच उलटली. "किंवा वारसानं करावा. कारणासह."

तपासनिसानं अर्ज घेतला. सहाव्या रकान्यात कारण लिहायचं होतं. तो रकाना त्यानं कोरा ठेवला आणि अर्ज खणात सारला.

तोवर सभागृहात चर्चा सुरू झाली होती. तिथल्या भाषणांचा वृत्तांत छापायला याच छापखान्यात येई, त्यामुळे ताई तो वाचत आणि तपासनीस बोट ठेवून ऐके. पूल, दिवे आणि विहिरी एका दुपारीत उरकल्या, कारण त्या कुणी वाचल्या नव्हत्या. दोनशे चौदा सगळ्यांना समजलं, म्हणून त्यावर आठवडा गेला. वयस्कर नागरिकांना दुधापाशी बसायची सवलत हवी, अशी दुरुस्ती आली. एका सभासदानं एकच मोजा वापरणाऱ्यांची बाजू घेतली आणि बोलता बोलता रडला. विरोधी पक्षानं कडीच्या प्रश्नावर सभात्याग केला, पण जाताना दार नीट लागेना, म्हणून दोघे परत आले.

पाचव्या पोटकलमावर मात्र गाडं अडलं. यातला 'मी' कोण, असं विरोधकांनी विचारलं. कायदामंत्र्यांना ते ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही म्हणायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. ते उठून म्हणाले, मी म्हणजे राज्य. राज्य येईपर्यंत नागरिकांनी उशा हलवू नयेत. विरोधक म्हणाले, मग राज्य कधी येणार ते सांगा. मंत्र्यांनी सोमवारपर्यंत मुदत मागितली. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकानं दुरुस्ती सुचवली, की 'मी येईपर्यंत' याच्यापुढं 'किंवा नव्वद दिवस, यांपैकी जे आधी घडेल ते' असे शब्द घालावेत.

ताईंनी ते वाचलं आणि थांबल्या. तपासनिसाचं बोट नव्वदवर अडकलं होतं. नव्वद दिवस होऊन महिना उलटला होता. घरी दोन्ही उशा होत्या तिथंच होत्या, तिची भिंतीकडे, त्याची दाराकडे.

"भाऊ," ताई हळू म्हणाल्या, "तिच्या वाक्यात हे लोक हात घालतायत. तुम्ही नुसते ऐकत बसणार का?"

सोमवारी सकाळी तो अर्ज घेऊन कायदामंत्र्यांच्या सचिवाकडे गेला. सचिवाची खोली लहान होती आणि तिच्यात चार पंखे होते. तीन दिवस न झोपल्यासारखा तो माणूस दिसत होता. तपासनिसानं सगळी हकीकत सांगितली. सचिव हसला नाही. अकरा वर्षं तो मंत्र्यांची उत्तरं लिहीत होता, त्यामुळे या जगात काहीही होऊ शकतं हे त्याला मान्य होतं.

"म्हणजे हा 'मी' म्हणजे तुमच्या मिसेस?"

"हो."

"बरं झालं सापडल्या. साहेबांना बारा वाजता उत्तर द्यायचंय." त्यानं पेनचं टोपण काढलं. "कधी येणार आहेत त्या?"

चारही पंखे फिरत होते. मुलगी, शेजारी, अधीक्षक, सगळे चार महिने त्याच्याशी बोलत होते, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारायची गरजच नव्हती. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यामुळे त्याला ते द्यावं लागलं नव्हतं.

"ती येणार नाही," तपासनीस म्हणाला.

सचिवानं पेन खाली ठेवलं. मग तेच पेन त्याच्यापुढं केलं. "हे सहाव्या रकान्यात लिहून द्याल का?"

त्यानं लिहिलं. तीन शब्दांना त्याला बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर सवयीनं त्यानं ते एकदा तपासलं. चूक नव्हती.

बारा वाजता मंत्र्यांनी सभागृहाला सांगितलं की राज्य येणार नाही आणि कलम मागे घेण्यात येत आहे. दोन्ही बाजूंनी बाकं वाजवली. इतकं स्पष्ट उत्तर त्या सभागृहात पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. उरलेलं विधेयक त्याच आनंदात मंजूर झालं.

कागद चार वाजता हातात आला. डोक्यावर 'मूळ प्रत' असा निळा शिक्का आणि कोपऱ्याला दोऱ्याची दोन भोकं. बाकी अक्षर तिचंच, घाईचं, उजवीकडे चढत गेलेलं. घरी येऊन त्यानं दूध तापवलं आणि तिथंच उभा राहिला. मग आत जाऊन पलंगाकडे बघत बसला आणि बऱ्याच वेळानं तिची उशी उचलून आपल्या उशीवर ठेवली. मुलीला फोन करून म्हणाला, शनिवारी येतो, कुंडी बरोबर आणू का?

शुक्रवारी कायद्याची शेवटची तपासणी होती. ताई वाचत होत्या, तो बोट ठेवून ऐकत होता. दोनशे तेरा संपलं.

"दोनशे चौदा," ताई म्हणाल्या.

दोघं गप्प बसले. रिवाज एका श्वासाचा होता. ताईंनी चष्मा काढून पदराला पुसला, परत घातला, आणि तरी पुढचं कलम वाचलं नाही. तपासनिसाचं बोट कोऱ्या जागेवर होतं. त्यानं ती जागा नीट पाहून घेतली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आहे बरोबर," तो म्हणाला. "वाचा पुढं."