पिंपाभोवती उलट्या पावलांनी

डंकन पुन्हा येणार हे होरिएने सांगितलं तेव्हा तोमिएने हातातला कोयता खाली ठेवला नाही. कागदी तुतीच्या फांद्या तोडता तोडताच ती म्हणाली, "माझ्याकडेच उतरू दे त्यांना."

होरिए त्या जपानी खेड्याचा प्रमुख. डंकनला कुठे ठेवायचं या काळजीने त्याची दोन दिवस झोप उडाली होती. त्याने तीनदा विचारलं, वहिनी, नक्की ना? तोमिए नक्कीच म्हणाली. मग तो सायकलवर बसून निघून गेला. जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्या गावात अवघड गोष्टीकडे वळून पाहण्याची पद्धत नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी डंकन सहा आठवडे तिच्या घरी राहून गेला होता. परक्या देशात जाऊन हाताने काम करावं आणि तिथली माणसं समजून घ्यावीत, यासाठी जी मंडळी दर हिवाळ्यात गावात येत, त्यांतला तो एक. कागदासाठी तुतीची साल सोलायला तो चटकन शिकला, जपानी त्याहून चटकन. तिचा नवरा इसाकु त्याला लेकासारखा वागवायचा. इसाकुचं नाव मोठं होतं. जुन्या देवळांतल्या पोथ्या दुरुस्त करायला त्याचाच कागद जायचा. पण त्या साली त्याचे हात थरथर कापायला लागले होते. पहाटे उठून लगद्याच्या हौदाशी कागद काढायला तोमिए उभी राहायची आणि कागदाच्या कडेला इसाकुचा शिक्का बसायचा. दोघं त्याबद्दल एकमेकांशीही कधी बोलली नव्हती. घरात राहणाऱ्या डंकनला मात्र ते दिसलं.

परत गेल्यावर त्याने पुस्तक लिहिलं. या गावात कागद बायका करतात आणि नाव नवऱ्याचं लागतं, ही तिथली शतकांची रीत आहे, असं त्यात होतं. पुढे एका वर्तमानपत्राने तो भाग जपानीत छापला, शेजारी इसाकुचं छायाचित्र. इसाकुने न्याहारीच्या वेळी तो वाचला, घडी घालून ठेवला आणि म्हणाला, "बरं लिहिलंय." त्यानंतर त्याने कागदाच्या खोपटात पाऊल टाकलं नाही. देवळांनी कागद मागवणं थांबवलं. गावातलं कुणी एक शब्द बोललं नाही. सगळे वाकून नमस्कार करत आणि हवापाण्याचं बोलत. त्या सभ्यपणाखाली इसाकु दीड वर्षात संपला.

आता डंकन बारा विद्यार्थ्यांना घेऊन आला. केस पिकले होते. विद्यार्थी त्याला गुरुजी म्हणत होते आणि तो त्यांना जोडे कुठे काढायचे, किती वाकायचं, हे दाखवत होता. घरात शिरल्या शिरल्या तो इसाकुच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून बसला. पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढून त्याने उदबत्तीशेजारी ठेवलं.

"इसाकुसानना आवडलं असतं," तो म्हणाला.

तोमिए चहा ओतत होती. एक थेंबही बाहेर सांडला नाही. इतकी वर्षं तिला नुसतं वाटत होतं की याचं काहीतरी करायला हवं. काय करायचं ते तिला त्या क्षणी कळलं.

संध्याकाळी ती त्याला म्हणाली की उद्या सोलणीचा पहिला दिवस आहे, तेव्हा पहिली रीत त्यानेच करावी. पहिल्या फांदीची साल दातांत धरायची आणि वाफेच्या पिंपाभोवती तीनदा उलट्या पावलांनी फिरायचं. तुतीला उघडं करायचं म्हणजे तिची माफी मागायला नको का?

डंकनने वही काढली. "मागच्या वेळी हे मला दिसलं नव्हतं."

"तेव्हा तुम्ही पाहुणे होतात. आता घरचे झालात."

त्याचे डोळे भरून आले. तोमिएने ते नीट पाहून घेतलं.

सकाळी अंगणात गाव जमलं. मोठ्या कढईवरचं लाकडी पिंप दोराने वर उचललं, तशी वाफ सुटली आणि उकडलेल्या रताळ्याचा वास पसरला. फांद्यांबरोबर रताळी वाफवून घ्यायची तिथे सवयच होती. डंकनने एक साल सोलली, दातांत धरली आणि गंभीर चेहऱ्याने मागे मागे चालायला लागला. त्याच्यामागोमाग बारा विद्यार्थी.

तोमिए हसण्याची वाट पाहत होती. त्या हसण्यासाठी तर हा खटाटोप. एक जण जरी फिसकन हसला असता तरी सगळं अंगण हसलं असतं.

पण होरिएने पाहुण्यांकडे पाहिलं, हातातला चहा खाली ठेवला, एक साल उचलून दातांत धरली आणि तोही मागे मागे चालायला लागला. पाहुण्याला एकट्याला चुकू कसं द्यायचं? मग शेजारची नोबु, मग तिचा ऐंशी वर्षांचा दीर. बघता बघता सगळं गाव तोंडात साल धरून पिंपाभोवती उलटं फिरायला लागलं. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

उभी राहिली ती एकटी तोमिए. हाच सभ्यपणा. इसाकुला याच सभ्यपणाने गाडलं होतं, आणि आज तो या माणसाच्या मदतीला धावला होता.

तिसरी फेरी संपताच ती पुढे झाली.

"ही गावाची रीत नाही," ती सावकाश म्हणाली. "काल संध्याकाळी मी रचली. तुम्ही माझ्या घराची रचली होती, तशीच. माझ्या नवऱ्याचे हात कापत होते, एवढंच खरं होतं. ती रीत नव्हती. ते आमचं दोघांचं होतं."

डंकनच्या तोंडातली साल खाली पडली. आजी काय म्हणाल्या, असं विद्यार्थी विचारत होते. जपानी त्या सगळ्यांत त्याला एकट्यालाच येत होतं. तो त्यांच्याकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलला. विद्यार्थी हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तोमिएला इंग्रजी येत नव्हतं, पण टाळ्या कळल्या. होरिएची नात चिहारु शहरात कॉलेजात शिकून आली होती. तोमिएने तिला हाक मारली.

"मी काय म्हणाले ते सांग त्यांना. एक शब्दही गाळू नकोस."

चिहारुने आजोबांकडे पाहिलं. होरिएच्या तोंडात अजून साल होती. आता नेमकी कुणाची लाज राखायची ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने नजर जमिनीवर वळवली. चिहारुने सांगितलं.

विद्यार्थ्यांनी एकेक करून साली खाली ठेवल्या. गुरुजींकडे कुणी पाहत नव्हतं, आणि ते पाहत नाहीत हे डंकनला दिसत होतं. तो कमरेत वाकला, खूप खाली, आणि तसाच राहिला. तोमिएने त्याला उठा म्हटलं नाही.

तिने रताळ्यांची टोपली घेतली. पहिला मान पाहुण्यांचा, म्हणून बाराही विद्यार्थ्यांच्या हातात तिने एकेक गरम रताळं ठेवलं. मग होरिएला, चिहारुला, नोबुला, नोबुच्या दिराला. वाकलेल्या डंकनपुढून ती टोपली घेऊन तशीच पुढे गेली. सगळ्या गावाने ते पाहिलं, आणि कुणीच काही पाहिलं नाही. सगळे हवापाण्याचं बोलायला लागले.

तोमिए पायरीवर बसली आणि तिने शेवटचं रताळं सोललं. त्या वर्षीची रताळी फार गोड निघाली होती.