नानीबाईच्या हॉटेलातले संशयित बाकडे

मी एक जुने बाकडे आहे आणि माझ्यावर लोकांचा फारसा भरवसा नाही. मित्रांनो, तुम्हीही ठेवू नका. निदान हे आत्मवृत्त संपेपर्यंत तरी नको.

सिद्धेश्वर धरणाच्या कामावर मी काँक्रीट अडवून धरणारी फळी होतो. धरण झाले, पाणी अडले आणि मला कोणी विचारेना. आखाडा बाळापूरच्या रामजी सुताराने मला उचलून आणले. नानीबाईला चहाच्या हॉटेलासाठी लांबलचक बाकडे हवे होते आणि रामजीकडे लाकूड होते थोडके. त्याने पायांच्या दोनच जोड्या केल्या आणि त्याही टोकांपासून बऱ्याच आत ठोकल्या. "पाय आत घेतले की गिऱ्हाइकाच्या पायात येत न्हाईत," असे त्याने नानीबाईला पटवले. त्यामुळे माझी दोन्ही टोके अधांतरी राहिली. एका टोकावर माणसे बसली की दुसऱ्यावरही कोणीतरी लागे. हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण तेव्हा दोन्ही टोके कधी रिकामी नसत.

माझे एक टोक रस्त्याकडे होते, दुसरे लिंबाकडे. रस्त्याकडे उकंडराव बसत. त्यांची शेती मोठी, आवाज त्याहून मोठा. कुठे जायचे नसले तरी एस.टी. आधी आपल्याला दिसावी असे त्यांना वाटे. ते सरकारच्या बाजूने बोलत. लिंबाकडे सोनाजी टेलर बसे आणि सरकारच्या विरुद्ध बोले. हळूहळू रीतच पडली. सरकारवाला रस्त्याकडे, विरोधवाला लिंबाकडे, ज्याचे ठरले नाही तो मधे. मत बदलले तर माणूस तसे बोलून दाखवत नसे, बूड सरकवत असे. दुष्काळात खडी फोडून आलेली मंडळी लिंबाकडे सरकली. धान्य आले तशी निम्मी परत आली. ट्रक चालवणारा धर्मसिंग तर सकाळी एका बाजूला आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूला असे. नांदेडला त्याला कोण भेटले, त्यावर ते ठरे.

"सोनाजी, सरकारनं तुला चंद्र आनून दिला तरी तू म्हनशील गोल बराबर न्हाई," उकंडराव म्हणत.

"न्हाईच. अमावस्येला पाहा."

मग उकंडरावच त्याच्यासाठी चहा सांगत. त्यांचे सगळे सदरे सोनाजीच शिवी.

पुढे आणीबाणी आली. ती आल्याचे मला बुडांवरून कळले. मंडळी रस्त्याकडे सरकू लागली. पहिला धर्मसिंग. "एस.टी. टाइमावर येऊन राहिली," तो म्हणाला. त्या दिवशीही एस.टी. उशिराच आली होती, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावताना प्रत्येक जण शेजाऱ्याची मान पुरेशी डोलते का ते पाहत होता. ज्याची कमी डोलली, त्याने दुसऱ्या दिवशी ती भरून काढली. पोळ्यापर्यंत सगळे एका टोकाला गुरांसारखे खेटून बसले आणि आपण कायम इथेच बसत होतो असे एकमेकांना सांगू लागले. लिंबाकडे उरला एकटा सोनाजी. तो सगळ्यांआधी येई आणि सगळ्यांनंतर उठे. तो पूर्वीसारखाच बोलत राहिला. त्याला कोणी उचलून नेले नाही.

तिथेच त्याचे चुकले.

"सरकारला उघड शिव्या देऊन राहिला," धर्मसिंग हळूच म्हणाला, "अन् याला कोनी हात लावत न्हाई. काहून?"

"काहून?" उकंडराव म्हणाले.

"वरचा मानूस आहे त्यो. आपल्याला बोलतं करायला बसवला."

"पन आपन तर कायीच बोलत न्हाई."

"म्हनून तर त्याला इतकं बोलावं लागून राहिलं."

उकंडरावांनी आपल्या सदऱ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "त्याला समद्या गावाच्या गळ्याचं माप माहीत आहे."

मंडळींनी आपापली कॉलर चाचपून पाहिली.

त्या दिवसापासून सोनाजीसमोर फक्त शेळ्यांचाच विषय निघे. पावसाळाभर शेळ्या, हिवाळाभर शेळ्या. माझ्या माहितीप्रमाणे त्यांच्यातल्या एकाकडेही शेळी नव्हती. सोनाजीला सगळे कळत होते, तरी तो येत राहिला. घरी मशीन आणि इथे मी, एवढीच त्याची उठबस. ही जागा गेली असती तर वाद घालायला त्याला गावात दुसरी जागा नव्हती.

एका सकाळी सायकलवरून एक अनोळखी माणूस आला. खांद्याला कातडी पिशवी. त्याने नाव घेऊन सोनाजीला विचारले, बसल्या जागी त्याच्या कानाशी वाकला, हातात एक पुडके ठेवले आणि निघून गेला.

"कोन व्हता?" उकंडरावांनी विचारले.

"सुयावाला." सोनाजीने पुडके उघडून दाखवले. आत मशीनच्या सुया होत्या.

मित्रांनो, संशयाला सुई दाखवून उपयोग नसतो. तो लगेच दोरा शोधतो.

"इतक्या सुया कशाला रे?"

"तुमचेच सदरे शिवायला."

उकंडरावांनी त्याच्याकडे न पाहता सांगितले, "सोनाजी, उद्यापासून तू हितं बसू नको. आमाला लेकरंबाळं आहेत."

"हॉटेल माझं आहे का तुमचं?" नानीबाई चुलीजवळून म्हणाली. पण तिचे कोणी ऐकले नाही.

सोनाजीने बशीतला चहा संपवला. "उद्यापासून काहून? आताच उठतो," म्हणाला आणि उठला.

मित्रांनो, मी काही केले नाही, हे शपथेवर सांगतो. लिंबाकडचे टोक वर गेले, रस्त्याकडचे खाली गेले आणि सरकारची अख्खी बाजू कपबशा धुतलेल्या पाण्याच्या डबक्यात गेली. सगळ्यात खाली उकंडराव. त्यांचे मनगट मोडले.

सोनाजीचा हात मला लागला नव्हता, हे सगळ्यांनी पाहिले होते. म्हणून संशय माझ्यावर आला. "बाकडं त्याला सामील आहे," धर्मसिंग म्हणाला. मला हॉटेलामागे नेऊन साखळीने बांधले. मी पळून जाईन असे त्यांना वाटले असावे. मंडळी पोत्यांवर बसू लागली. सोनाजी यायचा बंद झाला. उकंडरावांचे सदरे कळमनुरीहून शिवून येऊ लागले. मोडके मनगट वाकडे बसले होते, आणि त्या हाताची बाही नेमकी लांब असे.

मग निवडणूक झाली आणि सरकार पडले. "आता तर समद्यांना सोडून राहिले. यालाबी सोडा," म्हणत नानीबाईने मला पुढे आणले. या खेपेला तिने रस्त्याकडच्या टोकावर कोळशाचे पोते ठेवले, कारण सगळी मंडळी लिंबाकडे धावली होती.

"आपन तर पैल्यापासून हिकडंच," धर्मसिंग म्हणाला. मी त्याचे बूड ओळखतो.

उकंडराव शेवटी आले. त्यांनी मला वाकून खालून पाहिले आणि मधे बसले. नानीबाईने बोलावणे धाडले तसा सोनाजीही आला.

"या, सोनाजीभाऊ. ही तुमचीच बाजू." लिंबाकडच्या मंडळींनी सरकून जागा केली.

सोनाजीने ती गर्दी पाहिली. मग पलीकडे जाऊन त्या टोकावर बसला आणि कोळशाचे पोते खाली ढकलले.

"तिकडं काहून? तिथं पोतं व्हतं की."

"पोतं कायी बोलत न्हाई," सोनाजी म्हणाला. "आता सांगा, तुमचं नवं सरकार कापसाला भाव काय देनार?"

मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. धर्मसिंग शेजाऱ्याच्या कानाशी लागला. "जुन्या सरकारचा मानूस आहे त्यो. मी तवाच म्हनलो व्हतो." शेळ्यांचा विषय अगदी ओठांवर आला होता.

सोनाजीने रिकामी बशी खाली ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकले. "बरं. उठू का मंग?"

लिंबाकडच्या सगळ्या हातांनी माझी कड घट्ट धरली.

"नाने," उकंडराव म्हणाले, "सोनाजीला आनखी एक चहा दे." मग थोड्या वेळाने त्यांनी मोडका हात पुढे केला. "अन् सोनाजी, ही बाही जरा बघ."

मित्रांनो, माझ्यावर ओले फडके टाकू नका. खिळा वर आला तर ठोका. आणि बसण्याआधी पलीकडच्या टोकाकडे एकदा पाहून घ्या. तिथे कोणी बसलेले असेल तर त्याला उठवू नका, चहा पाजा. संशय काय, तो चहा पिता पिताही घेता येतो.