तपकिरी डोळा

सिस्टर नामोंजेनं डबा उघडून टेबलावर ठेवला. आत पाच डोळे होते. तीन निळे, दोन घारे.

"घ्या, बाना काटोंगो. फुकट आहेत. परदेशातून देणगी आलीय."

काटोंगोची आई म्हणून सगळे तिला बाना काटोंगो म्हणतात. आम्ही दोघी रस्त्याकडेला खडी फोडतो. मार्चमध्ये कपची उडून तिचा डावा डोळा फुटला. त्याच आठवड्यात तांब्याच्या खाणीतल्या सिकाझ्वेच्या डोळ्यातही कपची गेली. त्याला खाणीच्या गाडीनं तासाभरात त्यांच्या हॉस्पिटलात नेलं, डोळा वाचला. हिला मोठ्या हॉस्पिटलात जायची सरकारी चिठ्ठी मिळायलाच तीन दिवस लागले. डोळा काढावा लागला. आणि लोक म्हणतात, नशीब! मला अजून संताप येतो.

"सिस्टर, हा निळा लावून गेले तर पोरं घरात घेतील का मला?"

"काळा चष्मा लावा."

"तपकिरी नाही?"

"ते राजधानीत, लुसाकात माप देऊन बनवावे लागतात. खाणवाल्यांना कंपनी देते. आटपा, रांग आहे."

सिस्टरनं वहीत लिहिलं: रुग्णाने नाकारला. "करा सही."

"घेऊन टाक गं," मी कुजबुजले, "सही केलीस तर यादीतून नाव कटेल." मी घाबरट, कबूल आहे.

तिनं वही परत सरकवली. "मी कुठं नाकारलाय? माझा डोळा तुमच्याकडं नाही, असं लिहा."

"त्याला रकाना नाही."

"मग कडेला लिहा. मी बसलेय."

आणि खरंच बसली. रांग आधी तिच्यावरच करवादली. मग पट्टी बांधलेला एक म्हातारा म्हणाला, "लिहा की, सिस्टर! इथं निळ्या डोळ्यांचं कोण आहे? तुम्ही?"

सगळे हसले, सिस्टरही हसली. तिनं कडेला लिहिलं, आणि खोबण आकसू नये म्हणून बिनरंगी प्लास्टिकची वाटी बसवून दिली.

त्याला अकरा महिने झाले. दर पहिल्या सोमवारी ही जाते.

"आला?"

"नाही."

"मग लिहा."

आता ही दारात दिसली की सिस्टर आपणहून ते पान उघडते. कडेला जागा उरली नाही, म्हणून तिनं एक कागद चिकटवलाय.

एका डोळ्यानं अंतर कळत नाही. हातोडी कधी अंगठ्यावर बसते, नख काळं पडलंय. डोळ्यावर फडकं मात्र ती बांधत नाही. खडी घ्यायला आलेलं कुणीतरी विचारतं, "डोळ्याचं काय झालं, मावशी?"

"यायचाय," ती म्हणते, आणि हातोडी उचलते.