गड चढलेली कुबडी

मित्रांनो, मला पाहून कुणाला खरं वाटत नाही, पण मी गड चढलेली आहे. मी बेळगुंदीच्या भावकूची जुनी कुबडी.

१९१८ साली भावकू पहिल्या महायुद्धातल्या बसऱ्याच्या आघाडीवरून एक पाय गमावून परतला. तेव्हा यल्लाप्पा सुताराने त्याच्या उंचीचं माप घेऊन मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. काखेखाली घोंगडीचा तुकडा शिवला, तळाला लोखंडी शेंबी ठोकली.

पुढच्या दिवाळीनंतर गावकरी गाड्या जुंपून घाटमाथ्यावरचा जुना गड पाहायला निघाले. पायथ्याशी पोचताच भावकूचा थोरला भाऊ परशराम म्हणाला, "भावकू, तू बैलांजवळ बस. तीनशे पायऱ्या हायत. तुला न्हाय जमायचं."

भावकूने मान वर करून पायऱ्यांकडे पाहिलं. त्याची बायको मालुबाई मात्र म्हणाली, "तुमास्नी यायचंय न्हवं? मग चला. मी हाय पाठीमागं."

आम्ही निघालो. पायऱ्या झिजलेल्या, उंच. दर पायरीला मी आधी वर जायची, मग भावकू. दुसऱ्या दरवाज्याजवळ माझी शेंबी गुळगुळीत दगडावरून सटकली. भावकू कोसळला आणि मी गडगडत दहा पायऱ्या खाली गेले. मालुबाई हात द्यायला धावली.

"हात नगं," तो धापा टाकत म्हणाला, "तेवढी कुबडी आण."

मित्रांनो, ते शब्द मी जन्मात विसरणार नाही!

वर पोचेपर्यंत उन्हं कलली. त्याची काख सोलून निघाली होती, पण तो थेट पश्चिमेच्या तटावर गेला. लांब, डोंगरांपलीकडे एक रेघ चमकत होती.

"ते काय रं?" आधीच वर पोचलेल्या परशरामने विचारलं.

"समिंदर, आण्णा. लढाईला त्याच्यावरनंच गेलतो."

मालुबाईने समुद्र पहिल्यांदाच पाहिला.  पदर डोळ्याला लावून ती म्हणाली, "एवढं पाणी वलांडून परत आलासा व्हय!"

परशरामने आपल्या डोक्याचा पटका सोडला, त्याची घडी केली आणि भावकूच्या दुखऱ्या काखेखाली माझ्यावर ठेवली. तसेच आम्ही चौघं सावकाश उतरलो.

पुढे पंचवीस वर्षं मी भावकूबरोबर शेताच्या बांधावरून चालले. तो गेला आणि मी माळ्यावर पडले. वाळवी लागली. शेवटी मालुबाईनेच मला खाली काढलं, करंजाचं तेल चोळलं. आज छपरावरून पडून पाय मोडलेला शेजारचा भरमू माझ्या आधाराने चालतो आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना अडगळीत टाकू नका; तेलाचं बोट पुरतं आम्हाला. आणि तुमच्या सोबतीला कुणी सावकाश चालणारं असेल, तर त्याला काय जमेल ते तुम्हीच ठरवू नका. त्याला विचारा, आणि थोडं हळू चाला.